नावावरचा रुमाल

“ईश्वरी मॅडम नाही का शिकवणार?”

पुण्याहून शिकायला आलेल्या कानिटकर बाईंनी हे अगदी सहज विचारलं, आणि त्रिशला मगदूमचा सोमवार तिथेच नासला. वर्गात चौदा प्रशिक्षणार्थी होते. खालच्या मार्केट यार्डातला हळदीचा वास नेहमीसारखा जिन्याने वर येत होता. आणि जिने ‘टाचणी’ जन्माला घातली, तिलाच तिच्या वर्गात विचारलं जात होतं की दुसरं कुणी नाही का. त्रिशला हसली. बावन्न वर्षांत इतकं वाईट हसू तिने क्वचितच हसलं असेल. ईश्वरी मॅडम बुधवारी नकाशाचा तास घेतील, असं तिने सांगितलं, आणि ते ऐकून किती चेहरे खुलले तेही मोजून घेतलं. नऊ खुलले.

टाचणी म्हणजे काय हे सांगलीतल्या रिक्षावाल्यालाही माहीत आहे, असा त्रिशलाचा समज होता. कुठलंही यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर लोकांच्या हाती जाण्याआधी त्याला जागोजागी टोचून बघायचं आणि कुठे हवा निघते ते शोधायचं, एवढंच टाचणीचं काम. चोवीस वर्षांपूर्वी त्रिशलाने ती लिहिली आणि सगळ्या जगाला फुकट खुली करून टाकली. कुणीही घ्यावी, आत डोकावून बघावं, हवी तशी बदलावी, आणि बदल चांगला वाटला तर परत पाठवावा. फुकटच्या वस्तूवर तुमचं पोट कसं भरतं, असं नातेवाईक विचारत. तेव्हा ती सांगे, विहीर फुकटच असते, पण पोहायला शिकवणारा आणि बुडताना काढणारा फुकट नसतो. शिकवणं आणि बुडताना काढणं, या दोन कामांवर ‘टाचणी आधार केंद्र’ चाललं होतं. भागीदार होता जिनेंद्र आरवाडे, तिचा कॉलेजपासूनचा मित्र. गिऱ्हाइकांशी गोड बोलणं त्याच्याकडे, बाकी सगळं हिच्याकडे. म्हणजे चार वर्षांपूर्वीपर्यंत तरी सगळं हिच्याकडे होतं.

आता थोडं विज्ञान सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

दोन हजार एक्केचाळीस साली सॉफ्टवेअर माणसं फारशी लिहीत नव्हती. यंत्रंच लिहीत होती, आणि पावसाळ्यात गवत माजावं तशी लिहीत होती. ते सगळं तपासणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. नुसतं तीस बटणांचं यंत्र घ्या. प्रत्येक बटण एकतर चालू, नाहीतर बंद. एवढ्यातच त्याच्या शंभर कोटींहून जास्त वेगवेगळ्या अवस्था होतात. मग कुठे टोचायचं आणि कुठे सोडून द्यायचं हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला अनुभव लागतो. जुना परीक्षक मजकूर वाचता वाचता एखाद्या ओळीवर किंचित अडखळतो. का अडखळला, ते त्यालाही सांगता येत नाही. पण तेवढ्यात त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, बोट पाव सेकंद थबकलेलं असतं, तळहाताला कळेल न कळेल इतका घाम आलेला असतो. शंका शरीराला आधी येते आणि डोक्याला मागाहून.

सात वर्षांपूर्वी टाचणीला ही शंका टिपायला शिकवलं गेलं. मनगटाला पट्टा बांधायचा, डोळ्यांसमोर बारीकसा कॅमेरा ठेवायचा आणि वाचत सुटायचं. त्याला ‘बैठक’ म्हणत. अशा काही महिन्यांच्या बैठकींतून त्या माणसाच्या शंकेचा ‘ठसा’ तयार होई. काय दिसलं की हा माणूस दचकतो, त्याचं ते गणित. मग तो माणूस गावाला गेला तरी त्याचा ठसा टाचणीला वाट दाखवत राही. जिथे शंका जास्त तिथे टाचणी तासन् तास टोचणार, जिथे शंका नाही तिथे एकदोनदा टोचून पुढे जाणार. वेळ ठरलेला असे, त्यामुळे एका जागी वाढला की दुसरीकडे घटणारच.

ठसा एका बाबतीत मात्र बावळट होता. माणूस नेमका कशाने दचकला हे त्याला कळत नसे, म्हणून समोर जे जे असेल त्या सगळ्याला तो थोडा थोडा दोष देई. प्रत्येक मजकुराच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचं नाव असतं. ते दिसलं, तर ठसा नावावरसुद्धा संशय घ्यायला शिकेल. म्हणून त्रिशलानेच नियम केला होता की बैठकीला नावं झाकून बसायचं. झाकायच्या बटणाला तिने ‘रुमाल’ म्हटलं. तिचे आजोबा हळदीचे अडते होते. जुने व्यापारी एकमेकांच्या हातावर रुमाल टाकून आत बोटं दाबत आणि भाव ठरवत, भोवतीच्या कुणाला काही दिसत नसे. तो रुमाल तिला लहानपणापासून आवडायचा.

जगातला पहिला ठसा त्रिशलाचा. तिची शंका एकाच वेळी नऊ देशांत कामाला होती. आणि मग ईश्वरी एडके आली.

ईश्वरी आटपाडीची. चार वर्षांपूर्वी तेवीस वर्षांची पोर प्रशिक्षणाला आली, तिसऱ्या दिवशी तिने टाचणीतलाच एक दोष काढून दाखवला, आणि त्रिशलाने तिला ठेवून घेतलं. पहिलं वर्ष त्रिशला सगळ्यांना सांगत सुटली की, हिचं नाक माझ्यासारखं आहे. दुसऱ्या वर्षी सांगायचं बंद केलं. तिसऱ्या वर्षी गिऱ्हाइकं लिहायला लागली, करार चालू ठेवतो, पण मदतीला ईश्वरी मॅडमनाच पाठवा. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते त्रिशलाला आता जिभेवर जाणवत होतं.

तिला सगळ्यात झोंबलं ते भडंग. नव्या तुकडीला ईश्वरी पहिल्या तासाला भडंगाची पुडी द्यायची आणि विचारायची, यात जळका शेंगदाणा कुठे सापडेल? लोक चिवडत बसायचे. मग ती सांगायची, तळाला बघा. जड ते खाली बसतं, आणि तळापर्यंत कुणी जात नाही. सॉफ्टवेअरचंही तेच. लोक हसायचे आणि धडा जन्मभर लक्षात ठेवायचे. हा काय पोरखेळ, असं त्रिशला जिनेंद्रला म्हणाली. आपल्याला चोवीस वर्षांत हे सुचलं नाही, हे ती कुणालाच म्हणाली नाही.

आता टाचणीची नववी आवृत्ती यायची होती. प्रत्येक आवृत्तीत एक मुख्य ठसा घातलेला असतो. जो कुणी टाचणी घेईल त्याच्याकडे आपोआप तोच चालतो. आजवर तो त्रिशलाचा होता. जिनेंद्रने हळूच सुचवलं की ईश्वरीचाही तपासून बघू या. टाचणीतल्या जुन्या, कधीच दुरुस्त झालेल्या चुका पुन्हा जागच्या जागी पेरून शंभर दोषांची परीक्षा घेतली. त्रिशलाच्या ठशाने एकाहत्तर पकडले, ईश्वरीच्या ठशाने चौऱ्याऐंशी.

“अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालीय ती,” त्रिशला म्हणाली.

“चौऱ्याऐंशी म्हणजे अर्धं न्हवं, त्रिशला,” जिनेंद्र म्हणाला. मग मवाळ होऊन त्याने सांगितलं की टाचणी तिची आहे, निर्णयही तिचाच राहील, फक्त महिनाअखेरीपर्यंत कळव. त्याचं हे समजूतदार बोलणं तिला चौऱ्याऐंशीपेक्षा जास्त लागलं.

रुमाल तिने नक्की कधी काढला, ते तिला सांगता आलं नसतं. वर्ष झालं असेल. एका सोमवारी बैठकीत एक मजकूर इतका नेटका वाटला की कुणाचा आहे ते बघायचा मोह झाला. बघितलं. ईश्वरीचाच होता. पुढच्या सोमवारी तिने आधीच बघून ठेवलं. त्यानंतर रुमाल पुन्हा पडलाच नाही. ईश्वरी एडके हे नाव माथ्यावर दिसलं की ती खुर्चीत पुढे सरकून बसायची, एकेक ओळ उकरायची, आणि एखादी क्षुल्लक चूक सापडली की दुपारचं जेवण तिला गोड लागायचं. आपण टाचणीचं भलंच करतोय, असं तिला खरोखर वाटत होतं. पट्टा मनगटावर बांधलेलाच असायचा, आणि ठसा प्रत्येक बैठकीतून शिकत असायचा.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट. कुपवाडच्या ‘मायऊब’ नावाच्या कंपनीत नवजात बाळांना ऊब देणारे पाळणे बनत. त्यांच्याशी आधाराचा करार होता, ईश्वरी दोन महिने तिथे जाऊन बसली होती, आणि पाळण्याचा धोक्याचा भोंगा वाजवणारा भाग तिने स्वतः लिहून दिला होता. तिथून तिने एक तक्रार नोंदवली: लाईट जाऊन लगेच आली तर तापमानाचा आकडा कधीकधी थिजून राहतो. तापमान वाचणारा भाग बारा वर्षांपूर्वी खुद्द त्रिशलाने लिहिलेला होता. टाचणीवाल्यांचा रिवाज असा की, एकाने नोंदवलेला दोष दुसऱ्याने आपल्या हाताने पुन्हा घडवून दाखवल्याशिवाय तो दोष मानायचा नाही. तक्रार त्रिशलाकडे आली. तिने केंद्रातल्या नमुन्याच्या पाळण्याची वायर उपटली, उठून चहा घेतला, परत येऊन वायर लावली. आकडा ठणठणीत. दुसऱ्यांदा करून बघावं असं तिला वाटलं नाही. ‘पुन्हा घडवता आला नाही’ असा शेरा मारून तिने तक्रार बंद केली, आणि तो शेरा मारताना बोटांना जे सुख झालं ते तिला बरेच दिवस पुरलं. ईश्वरी त्यावर एक शब्द बोलली नाही.

याला आठ महिने झाले होते.

बुधवारी ईश्वरीचा तास होता. त्रिशला मागच्या बाकावर येऊन बसली. उगीच, असं ती म्हणाली. ईश्वरी नकाशा कसा वाचायचा ते समजावत होती. ठसा लावून टाचणी चालवली की संपूर्ण सॉफ्टवेअरचा एक नकाशा तयार होतो. जिथे टाचणीने भरपूर टोचलं ते लाल, जिथे थोडं टोचलं ते फिकट, जिथे जवळजवळ टोचलंच नाही ते पांढरं. लोक पुडीतलं भडंग खात मन लावून ऐकत होते. तेवढ्यात जिनेंद्र आत आला. आधाराचा फोन त्याच्या हातात होता आणि चेहऱ्यावर रंग नव्हता. फोन आला की पाव तासात उत्तर द्यायचं, अशी केंद्राची हमी होती, आणि त्रिशला व ईश्वरी दोघी त्या खोलीत होत्या.

फोनवर एका लहान गावच्या प्रसूतिगृहातल्या लोखंडे सिस्टर होत्या. त्या न घाबरता, एकामागून एक सांगत होत्या. सकाळपासून लाईट डोळे मिचकावतेय. पाळण्यातल्या बाळाला सहज हात लावला, तर गादी तव्यासारखी लागली.

“पडद्यावर पस्तीस पॉइंट आठच दावतंय. भोंगाबी न्हाई वाजला. बाळ मी उचललंय, बरं हाय. पर दुसरीकडं असंच आसंल तर?”

दुसरीकडे म्हणजे एकसष्ट दवाखाने आणि दोनशे बारा पाळणे. ईश्वरीने खडू खाली ठेवला. चार मिनिटांत सगळ्या दवाखान्यांना मायऊबच्या नावाने निरोप गेला: लाईट गेली-आली की पाळणा बंद करून एक मिनिटाने चालू करा, आकड्यावर विसंबू नका, बाळाला हात लावून बघा. निरोप तिनेच लिहिला. त्रिशलाला तो वाचून एवढंच वाटलं की यात एक शब्दही बदलण्यासारखा नाही. मग तिच्या डोक्यात दुसरी गोष्ट लख्ख उजळली, आणि ती उभी राहिली.

“भोंग्याचा भाग तुझा ना?”

“व्हय ताई. माझाच हाय.”

“मग का नाही वाजला?”

ईश्वरी म्हणाली, बघायला लागेल. त्रिशलाने सांगितलं, बघूच की. मायऊबला गेलेल्या शेवटच्या तपासणीचा नकाशा लाव भिंतीवर. ही मंडळी नकाशा शिकायलाच आली आहेत, खरा दोष कसा शोधतात तेही शिकतील. आपला आवाज थरथरतोय हे तिला कळत होतं, आणि तो काळजीने थरथरत नव्हता हेही कळत होतं. कुठेतरी एक बाळ नुकतंच वाचलं होतं आणि हिला आनंद झाला होता. पुढे कितीतरी दिवस तिला या गोष्टीची लाज वाटत राहिली.

“ताई,” ईश्वरी हलक्या आवाजात म्हणाली, “आपण आत बसून बघूया का?”

घाबरली, असं त्रिशलाला वाटलं.

“इथंच लाव.”

नकाशा भिंतीवर आला. त्यात एका कोपऱ्यात लालभडक डाग होता, जवळजवळ काळपट. एकदोन लाल जागा सोडल्या तर बाकी सगळा पसारा फिकट, आणि मधोमध एक स्वच्छ पांढरा तुकडा. चाळीस तासांच्या तपासणीतले तेहेतीस तास टाचणी त्या एका कोपऱ्यात टोचत बसली होती. एवढा संशय एकाच जागी कसा, असं कानिटकर बाईंनी विचारलं. तिथे काही फार अवघड आहे का?

“नावं दाखवते,” त्रिशला म्हणाली, आणि पुढे जाऊन तिने स्वतःच्या हाताने बटण दाबलं.

लाल कोपऱ्यावर अक्षरं उमटली: ईश्वरी एडके. दुसरीकडे एका कोपऱ्यात आणखी एक लाल ठिपका होता, तिथेही ईश्वरी एडके. ईश्वरीने फक्त चार ओळी दुरुस्त केल्या होत्या ती जागासुद्धा लाल. मधल्या पांढऱ्या तुकड्यावर नाव होतं त्रिशला मगदूम. तिथे टाचणीने चाळीस तासांत अकरा मिनिटं घालवली होती.

चौदा माणसं तीन दिवस हेच शिकत होती, त्यामुळे समजावून सांगायची गरज नव्हती. ठसा कुणाचा आहे ते नकाशाच्या खाली लिहिलेलंच होतं: त्रिशला मगदूम. माणसाच्या पोटातली जळजळ अशी भिंतीवर, दिवसाढवळ्या, टक्केवारीसकट लागल्याची ही बहुधा पहिलीच वेळ असावी. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण त्रिशलाने लहानपणी शेकडो वेळा ऐकली होती. त्या म्हणीचं चित्र काढता येतं हे तिला माहीत नव्हतं. आणि त्या पांढऱ्या तुकड्याकडे बघताना तिला आठ महिन्यांपूर्वीची ती तक्रार आठवली, उपटलेली वायर आठवली, सावकाश प्यायलेला चहाही आठवला.

ईश्वरीने भिंतीवरचा नकाशा बंद केला. “टाचणीतच काहीतरी घोळ दिसतोय,” ती वर्गाला म्हणाली. “जुन्या बैठकीचा नकाशा आला असंल. मी बघते. तुम्ही चहा घेऊन या.”

तिने झाकलं. सगळ्यांच्या देखत रुमाल उचलून तिने त्रिशलाच्या अंगावर घातला. त्रिशलाने त्यातही खोट शोधून बघितली. सापडली नाही.

पुढचा तासभर दोघी कामापुरतं बोलल्या. त्रिशलाने नमुन्याच्या पाळण्याची वायर उपटली आणि या वेळी एक श्वास जाताच परत लावली. आकडा पस्तीस पॉइंट आठवर थिजला. गादी तापत गेली, आकडा हलला नाही. कारण सोपं होतं. नवा आकडा यायला उशीर झाला तर पडदा रिकामा दिसू नये, म्हणून बारा वर्षांपूर्वी तिने जुनाच आकडा पुढे ढकलायची सोय केली होती. तो किती जुना आहे, हे विचारायची सोय केली नव्हती. लाईट पटकन गेली-आली की तो जुना आकडाच कायमचा चिकटून बसायचा. पाळण्याला वाटायचं की बाळ अजून गार आहे. भोंग्यालाही तोच आकडा जायचा, मग तो बिचारा कशाला वाजेल. त्रिशलाने ती ओळ बदलली. आकडा जुना असेल तर आधी ऊब बंद, मग भोंगा. ईश्वरीने बदल वाचला, पाळण्यावर पाच वेळा तपासला आणि पाठवून दिला. संध्याकाळच्या आत दोनशे बारा पाळण्यांत तो पोचला.

जिनेंद्रचं म्हणणं पडलं की आता बोभाटा नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. वर्गातल्या चौदा जणांना ईश्वरीने सांभाळून घेतलंच आहे, ठसा गुपचूप मागे घेऊ आणि नववी आवृत्ती लांबवू. तो तिच्या भल्याचंच सांगत होता. त्रिशलाने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन दोन कामं केली. आठ महिन्यांपूर्वीची तक्रार पुन्हा उघडली आणि तिच्यावर स्वतःच्या नावाने लिहिलं, ‘पुन्हा घडला. पहिल्या वेळी मी नीट बघितलं नव्हतं.’ मग टाचणीच्या जगभरच्या खुल्या यादीत एक नवी तक्रार नोंदवली. तक्रारीच्या अर्जात तीन रकाने असतात, ते तिने भरले.

काय घडलं: त्रिशला मगदूम यांचा ठसा एकाच व्यक्तीच्या मजकुरावर अवाजवी संशय घेतो. त्यामुळे इतर तपासायचं राहून जातं.

काय घडायला हवं होतं: संशय मजकुराचा घ्यावा, माणसाचा नव्हे.

पुन्हा कसं घडवायचं: रुमाल काढावा. आपल्यापेक्षा चांगलं लिहिणाऱ्याचं लिखाण दर आठवड्याला वाचावं. याबद्दल वर्षभर कुणाशी बोलू नये.

खाली तिने शिफारस केली की नवव्या आवृत्तीत ईश्वरी एडके यांचा ठसा घालावा. हे वाक्य लिहायला तिला बाकीच्या सगळ्या तक्रारीपेक्षा जास्त वेळ लागला.

रिवाजाप्रमाणे दुसऱ्या कुणीतरी पुन्हा घडवून दाखवेपर्यंत ती तक्रार नुसतीच लटकत राहणार होती. गुरुवारी कुणाचंच उत्तर आलं नाही. लोक वाचत होते, वाचणाऱ्यांचा आकडा वाढताना दिसत होता, पण हात वर करायला कुणी तयार नव्हतं. चोवीस वर्षांची अब्रू आपण फुकट खुली करून टाकली, आणि ती घ्यायलाही कुणी आलं नाही, असं मनात येऊन त्रिशला जेवलीच नाही.

शुक्रवारी सकाळी एक उत्तर आलं.

‘पुन्हा घडला. माझ्या ठशाचा नकाशा सोबत जोडला आहे. त्रिशला मगदूम यांच्या मजकुरावर इतरांच्या बारापट संशय. मीसुद्धा दोन वर्षं रुमाल काढून वाचते. चौऱ्याऐंशीपैकी पंधरा दोष ताईंच्याच जुन्या मजकुरात पेरलेले होते, ते मी त्यांचं नाव बघून पकडलेत. नवव्या आवृत्तीत माझाही ठसा घालू नये. ईश्वरी एडके.’

त्रिशलाने ते तीनदा वाचलं. मग तिने वजाबाकी केली. केल्याशिवाय राहवेना. चौऱ्याऐंशीतून पंधरा गेले, राहिले एकोणसत्तर. आपले एकाहत्तर. स्वतःचीच तिला कमाल वाटली. आणि त्याच्या मागोमाग खरी गोष्ट ध्यानात आली. तिची ती पांढऱ्या तुकड्यातली चूक आठ महिन्यांपूर्वी सापडली होती ती ईश्वरीच्या चांगुलपणामुळे नव्हे, ईश्वरी जळत होती म्हणून. म्हणजे जिच्यावर आपण जळत होतो, ती पोर आपल्यावर जळत होती. कितीतरी वर्षांत कुणी आपल्यावर जळलं असेल असं त्रिशलाला वाटलंच नव्हतं. तिला बरं वाटलं. वाटू नये हे कळत असूनही फार बरं वाटलं.

ईश्वरी दारात उभी होती, हातात दोन पट्टे घेऊन. ती आत येईना. त्रिशलाने तिला बसायला सांगितलं आणि जे विचारायचं होतं ते सरळ विचारलं.

“एवढं काय गं होतं माझ्यात जळण्यासारखं?”

“टाचणी तुम्ही लिहिली, ताई. कायच नव्हतं तिथून. मी कितीबी केलं तरी त्याला दुरुस्तीच म्हणणार की.” तिने पट्टे टेबलावर ठेवले. “आन् तुमचं?”

“भडंग,” त्रिशला म्हणाली. ईश्वरीला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ती इतकी हसली की जिनेंद्र बघायला आला, आणि दोघींकडे बघून काही न विचारता परत गेला.

ठसे दोन्ही पुसायचे आणि पहिल्यापासून बसायचं, असं ठरलं. निदान वर्षभराचं काम. समोरासमोर दोन पडदे लावले, मनगटांना पट्टे बांधले, आणि रुमाल टाकला. या वेळी तो काढता येणार नाही अशी सोय ईश्वरीने रात्रीच लिहून ठेवली होती. माथ्यावर नाव नाही, तारीख नाही, नुसता मजकूर. त्रिशला वाचायला लागली.

तिसऱ्या ओळीला तिने ओळखलं. इतकं नेटकं, इतकं कमी शब्दांत दुसरं कोण लिहिणार? तिचं बोट थबकलं आणि तळहाताला ओल आली. तिने वर बघितलं. समोर ईश्वरीचंही बोट बटणावर अधांतरी राहिलं होतं, आणि ती त्रिशलाकडेच बघत होती.

त्रिशलाने पट्टा सोडला.

“ओळखलं,” ती म्हणाली.

“मीबी,” ईश्वरी म्हणाली, आणि तिनेही पट्टा सोडला. मग दोघींनी ते दोन मजकूर बाजूला काढले, दोघींचाही हात न ओळखणाऱ्या कानिटकर बाईंना आत बोलावलं, आणि वाचायला त्यांच्या हाती दिले.